हिरव्या बाह्यांची चाल

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या नावावर लोकांनी दोन गोष्टी जमा केल्या आहेत : सहा लग्ने आणि 'ग्रीनस्लीव्ह्ज' नावाचे एक गाणे. लग्ने सहाच्या सहा कागदोपत्री सिद्ध आहेत. गाणे मात्र त्याचे नाही. तरीही गेली कित्येक वर्षे पर्यटकांच्या पुस्तिकांतून, ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवरून आणि शाळेतल्या बाईंच्या तोंडून ही कथा सांगितली जाते, की अ‍ॅन बोलीन राजाला दाद देईना, तेव्हा व्याकूळ होऊन त्याने हे गाणे रचले. 'हिरव्या बाह्यांची बाई' म्हणजे अ‍ॅनच, आणि तिच्या हाताला सहावे बोट असल्याने ती लांब बाह्या घालत असे, अशी पुस्तीही कुणी जोडतो.

कथा आकर्षक आहे. पण ती खरी मानली, की या चालीच्या इतिहासातला सगळ्यांत मोलाचा भाग हातातून निसटतो. लंडनच्या छापखान्यांतून, दारूच्या गुत्त्यांतून, नाचाच्या पडव्यांतून, फाशीच्या नाट्यप्रवेशातून आणि नाताळच्या प्रार्थनेतून फिरत आलेली ही चाल आहे. तिला घडवणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. राजाचे नाव लागले, की या सगळ्यांचे श्रेय एका माणसाच्या खात्यावर जाते. म्हणून हा हिशेब नीट तपासून पाहायला हवा.

राजाचा दावा

हेन्री संगीताचा जाणकार होता, याबद्दल वाद नाही. तो वाद्ये वाजवी आणि रचनाही करी. १५१८च्या सुमारास तयार झालेले, 'हेन्री आठवा हस्तलिखित' या नावाने ओळखले जाणारे एक संगीतपुस्तक आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात शंभराहून अधिक रचना आहेत आणि त्यांपैकी तीसहून अधिक रचनांवर राजाचे नाव आहे. त्यात 'ग्रीनस्लीव्ह्ज' नाही. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, असे कुणी म्हणेल. कारण अ‍ॅनचे प्रकरण हे पुस्तक तयार झाल्यानंतरचे. पण हेन्री वारला १५४७ साली, आणि या गाण्याचा पहिला तारीखवार उल्लेख सापडतो १५८० साली. मधल्या तेहेतीस वर्षांत राजाने केलेले, राणीवर केलेले गाणे कुणाच्याही पत्रात, वहीत, दरबारी नोंदीत येऊ नये, हे पटण्यासारखे नाही. शिवाय १५८४मध्ये हे गाणे छापले गेले तेव्हा छापणाऱ्याने चालीचा उल्लेख 'नवी चाल' असा केला. अ‍ॅन बोलीनचा शिरच्छेद १५३६मध्ये झाला होता. अर्धशतकापूर्वीच्या चालीला नवी म्हणून खपवणे लंडनच्या गिऱ्हाइकापुढे अवघड गेले असते.

सहाव्या बोटाची गोष्ट तर आणखी उशिराची आहे. निकोलस सँडर या कॅथलिक लेखकाच्या, त्याच्या मृत्यूनंतर १५८५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ती येते. अ‍ॅनमुळे इंग्लंड रोमच्या धर्मपीठापासून तुटले, हा सँडरचा राग होता. अशा माणसाने अ‍ॅनच्या हातावर एक बोट वाढवले, तर त्याला साक्षीपुरावा म्हणता येत नाही.

सप्टेंबर १५८०

लंडनमधल्या मुद्रकांचा आणि पुस्तकविक्रेत्यांचा एक संघ होता : स्टेशनर्स कंपनी. काही छापायचे असेल, तर त्याचे नाव संघाच्या वहीत नोंदवावे लागे. म्हणजे त्यावर दुसऱ्याने हक्क सांगू नये. ३ सप्टेंबर १५८० रोजी रिचर्ड जोन्स नावाच्या मुद्रकाने या वहीत एक गाणे नोंदवले. त्याचे वर्णन होते : हिरव्या बाह्यांच्या बाईचे नवे उत्तरी गीत. 'उत्तरी' म्हणजे इंग्लंडच्या उत्तर भागातले. लंडनकरांच्या लेखी ते अधिक रांगडे, अधिक मोकळे. आपल्याकडे एखाद्या लावणीवर 'अस्सल गावरान' असा शिक्का मारतात, तसाच हा विक्रीचा शिक्का असावा.

खरी मौज पुढे आहे. त्याच दिवशी एडवर्ड व्हाइट या दुसऱ्या मुद्रकाने त्याच बाईने आपल्या मित्राला दिलेले उत्तर नोंदवले. सवाल एकाचा, जवाब दुसऱ्याचा, आणि दोन्ही दुकाने एकाच गावात. बारा दिवसांनी त्याच गाण्याचे बायबलच्या आधाराने केलेले सोवळे, नीतिपर रूप नोंदले गेले. आणखी तीन दिवसांनी व्हाइटने आणखी एक 'ग्रीनस्लीव्ह्ज' आणले. डिसेंबरात जोन्सने पुन्हा एक नोंदवले. पुढल्या फेब्रुवारीत विल्यम एल्डरटन या त्या काळच्या नावाजलेल्या गीतकाराने 'ग्रीनस्लीव्ह्ज'ची खरडपट्टी काढणारे गाणे केले, आणि ऑगस्ट १५८१मध्ये हिरव्या बाह्या आता जुन्या झाल्या, पांढऱ्याच बऱ्या, अशा अर्थाच्या मथळ्याचे गाणे आले. वर्षभरात एका चालीवर गाण्यांची अशी झुंबड उडाली. चाल लोकांच्या ओठांवर होती, हे यातून स्पष्ट दिसते. ती कुणी बांधली, हे मात्र कुणालाच नोंदवावेसे वाटले नाही. वहीत नाव येते ते छापणाऱ्याचे, कारण पैसा त्याचा गुंतलेला होता.

ही गाणी एका कागदावर, एका बाजूने छापलेली असत. त्यांना ब्रॉडसाइड म्हणत. पेनीच्या आसपास किंमत. फिरते विक्रेते ती जत्रेत, पुलावर, नाटकगृहाच्या दारात गाऊन विकत. कागदावर स्वरलेखन नसे. फक्त 'अमुक चालीवर' एवढी ओळ असे. मराठी वाचकाला ही पद्धत समजावून सांगायला नको. किर्लोस्करांच्या काळच्या संगीत नाटकांची पुस्तके उघडली, की पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून कुठल्या तरी जुन्या पदाचा वा लावणीचा मुखडा दिलेला असतो. वाचणाऱ्याला ती चाल ठाऊक आहे, हे गृहीतच. म्हणून अशी पुस्तके शब्द जपतात, पण त्यांचा श्वास असलेली चाल जपत नाहीत. चाल ठाऊक असलेली पिढी गेली, की ती ओळ मुकी होते. 'ग्रीनस्लीव्ह्ज' त्यातून वाचले, कारण काही वादकांनी ते आपल्या वह्यांत उतरवून ठेवले.

१५८४मध्ये जोन्सनेच क्लेमेंट रॉबिन्सन याच्या नावाचा एक गाण्यांचा संग्रह छापला. आज गायले जाणारे शब्द त्यात प्रथम मिळतात. चार वर्षांपूर्वीचे 'उत्तरी गीत' आता 'दरबारी सुनीत' झाले होते. गाणे आहे नकार मिळालेल्या प्रियकराचे. पण त्याच्या विरहापेक्षा त्याची यादी लांब आहे. रुमाल, परकर, सोन्याचा कमरपट्टा, रेशमी अंतर्वस्त्र, लाल मोजे, दुधासारखे पांढरे बूट, सुयांची डबी, थैली, घोडा, दिमतीला हिरव्या पोशाखातले नोकर. मी तुला काय काय दिले, याचा हा जमाखर्च आहे.

या यादीतच बाह्यांचा अर्थ लागतो. त्या काळी इंग्लंडात बाह्या पोशाखाला शिवलेल्याच असत असे नाही; सुट्या बाह्या नाडीने किंवा टाचणीने खांद्याशी बांधत आणि त्या भेट म्हणूनही देत. साटिनच्या बाह्या म्हणजे चैन. कुणी कुठले कापड वापरावे, हे दर्जानुसार ठरवणारे फर्मान राणी एलिझाबेथने १५७४मध्ये पुन्हा काढले होते. म्हणजे हा प्रियकर बाईला नुसते कापड देत नाही. तिच्या पायरीपेक्षा वरची पायरी देऊ पाहतो आहे. तरी ती नाही म्हणते. हिरवा रंग म्हणजे गवतात लोळल्याचे डाग, म्हणून ही बाई बदचालीची, असा तर्क अनेकदा केला जातो. 'हिरवा झगा' हा त्या अर्थाचा वाक्प्रचार इंग्रजीत होता हे खरे. पण सगळ्या भेटी घेऊनही वश न होणाऱ्या बाईला तो लावणे, म्हणजे चिडलेल्या प्रियकराचीच बाजू घेणे होय.

खर्जातली बैठक

आता चालीकडे वळू. ती लिहिलेली सापडते मुख्यतः ल्यूट या तंतुवाद्याच्या वह्यांत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात 'विल्यम बॅलेटची ल्यूटवही' म्हणून सोळाव्या शतकाच्या अखेरीची एक वही आहे; तिच्यातली नोंद सर्वांत प्रसिद्ध. या वह्यांत आजच्यासारखे स्टाफ नोटेशन नसते. तारांसाठी रेघा आणि कुठल्या पडद्यावर बोट ठेवायचे त्यासाठी अक्षरे, असा हिशेब असतो. फ्रान्सिस कटिंग या ल्यूटवादकाने याच चालीवर केलेली रचनाही हस्तलिखितात राहिली आहे.

या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या, तर एक गोष्ट लक्षात येते. वरची सुरावट प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी. खालची, खर्जाची वाट मात्र तीच. ही वाट इंग्रजांची नाही. सोळाव्या शतकात इटलीतून युरोपभर पसरलेल्या दोन ठरीव खर्जमालिका आहेत : पासामेझ्झो आन्तिको आणि रोमानेस्का. आपल्या भाषेत सांगायचे, तर पहिलीचा सांगाडा सा-नि-सा-प असा आणि दुसरीचा ग-नि-सा-प असा. यातले ग आणि नि कोमल. ही चार पावले एकदा उघडी सोडायची आणि दुसऱ्या वेळी शेवटी सा-प-सा करून बंद करायची. तबलावादकाच्या साथीला लहरा धरतात, तसा हा लहरा. तो वाजत राहायचा आणि वर ज्याने त्याने आपली कलाकुसर करायची. नाचाला तो सोयीचा, गाण्याला सोयीचा, आणि नवशिक्या वादकाला तर फारच सोयीचा. कारण एक लहरा हातात बसला, की त्यावर डझनभर गाणी वाजवता येत.

'ग्रीनस्लीव्ह्ज'चे कडवे पहिल्या लहऱ्यावर आहे आणि धृपद दुसऱ्यावर. कडव्यातून धृपदाकडे जाताना अंगावर जो उजेड पडल्यासारखा वाटतो, तो याचा परिणाम आहे : खर्जाचे पाऊल सा वरून उचलून कोमल गंधारावर पडते आणि त्याच वेळी वरची सुरावट वरच्या कोमल निषादावरून सुरू होते. बाकीचे जवळजवळ सारे कडव्याचेच आहे. इंग्रजी ल्यूटवह्यांत असे लहरे रुळलेले दिसतात ते प्रामुख्याने हेन्रीच्या मृत्यूनंतरच्या दशकांत. राजाच्या दाव्याविरुद्ध संगीतातला पुरावा हाच.

जॉन वॉर्ड या संगीत-इतिहासकाराने १९९०मध्ये या चालीवर एक सविस्तर निबंध लिहिला आणि तिच्या वेगवेगळ्या रूपांची छाननी केली. तशी छाननी केली, की 'मूळ चाल कोणती' हा प्रश्नच वेगळा दिसू लागतो. इथे आधी चाल आणि मग तिची अपभ्रष्ट रूपे, असा क्रम नाही. आधी लहरा आहे. त्यावर गुणगुणताना अनेकांच्या तोंडी जवळजवळ सारख्या सुरावटी आल्या, आणि त्यांतली एक एका गाण्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

काफी की आसावरी?

रूपभेदाचा एक नमुना आपल्या कानाला लगेच पटेल. सुरुवातीची सुरावट अशी : सा, मग कोमल ग, म, प, त्यावर ध, पुन्हा प, म, रे, आणि खालचा कोमल नि. प्रश्न धैवताचा आहे. तो शुद्ध घेतला, की कोमल गंधार-निषादासह स्वरसप्तक काफी थाटाचे होते. युरोपीय संगीतात त्याला डोरियन म्हणतात. तोच कोमल घेतला, की आसावरी थाट, म्हणजे त्यांचा नैसर्गिक मायनर. आजही दोन्ही ऐकू येतात. शुद्ध धैवताचे रूप थोडे उन्हातले, मोकळे वाटते. कोमल धैवताचे उदास.

निषादाचीही अशीच गंमत आहे. ओळीच्या मध्ये तो कोमल, पण ओळ मिटवताना खालच्या सप्तकात शुद्ध. काफी-पिलूत दोन निषाद सहज नांदतात, त्यामुळे आपल्या कानाला यात खटकण्यासारखे काही नाही. सोळाव्या शतकातल्या गायकालाही नव्हते. अनेकदा तो स्वर लिहिलेला नसतानाच चढवून गात असे. पुढच्या शतकांत लेखन काटेकोर झाले, तसे संपादकांनी आपापल्या पसंतीचा धैवत आणि निषाद पक्का करून टाकला. म्हणजे गाणाऱ्याची मोकळीक होती, ती छापील आवृत्त्यांतला मतभेद बनली.

चाल तीच, शब्द दुसरे

शेक्सपिअरच्या 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर' या नाटकात ही चाल दोनदा नावाने येते. फॉल्स्टाफचे बोलणे आणि करणे यांचा मेळ नाही, हे सांगताना मिसेस फोर्ड म्हणते, की शंभरावे स्तोत्र 'ग्रीनस्लीव्ह्ज'च्या चालीवर जितके बसेल तितकाच यांचा मेळ. पुढे फॉल्स्टाफ आपल्या रंगात येऊन, आता ढगांनीही 'ग्रीनस्लीव्ह्ज'च्या चालीवरच गडगडावे, अशी इच्छा करतो. दोन्ही विनोदांना हशा यायचा असेल, तर ही चाल शृंगाराची आहे हे प्रेक्षकाला ठाऊक हवे. पण लंडनकर प्रेक्षकाला आणखीही एक गोष्ट ठाऊक असणार : या चालीवर धार्मिक शब्द बसवण्याचा उद्योग १५८०मध्येच कुणीतरी करून चुकला होता.

सतराव्या शतकात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली, आणि राजपक्षाच्या लोकांनी ही चाल टिंगलीच्या गाण्यांसाठी घेतली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'हे कोण नाकारील?' अशा अर्थाचा एक पालुपदाचा फटका असे. त्यामुळे चालीला त्या पालुपदाचे नाव पडले, आणि अशाच एका गाण्यावरून 'द ब्लॅकस्मिथ', म्हणजे 'लोहार', असेही. सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीत २३ एप्रिल १६६०ची नोंद आहे. राजाला परदेशातून परत आणायला निघण्यापूर्वीचे दिवस. पीप्सचा धनी एडवर्ड माँटेग्यू जहाजावर मजेत येऊन 'रम्प' पार्लमेंटवरचे गाणे 'ब्लॅकस्मिथ'च्या चालीवर म्हणू लागला. काल-परवापर्यंत माँटेग्यू क्रॉमवेलच्या बाजूचा होता. निष्ठा बदलल्याची बातमी द्यायला त्याला भाषण करावे लागले नाही, चाल पुरली.

याच धामधुमीत, १६४२ साली छापलेल्या नाताळगीतांच्या एका पुस्तकात नववर्षाचे एक गीत 'ग्रीनस्लीव्ह्ज'च्या चालीवर दिलेले आहे. शृंगार, टवाळी आणि सण, तिन्ही एकाच दशकात, एकाच चालीवर सुखाने नांदत होते.

नाचाच्या पुस्तकात

१६५१ साल. राजाचे मुंडके उडून दोन वर्षे झाली होती, नाटकगृहांना कुलपे होती, आणि प्युरिटन राजवटीत जॉन प्लेफर्ड या पुस्तकविक्रेत्याने नाच शिकवणारे पुस्तक काढले : 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर'. त्यात १०५ नाच होते. प्रत्येकाची चाल वर आणि पावलांची कृती खाली. पुढच्या आवृत्त्यांत नावातले 'इंग्लिश' गळले, पुस्तक वाढत गेले, आणि १७२८च्या सुमारापर्यंत पहिल्या खंडाच्या अठरा आवृत्त्या निघाल्या. या अठरांत मिळून पाचशेहून अधिक चाली आहेत. प्लेफर्डनंतर त्याचा मुलगा हेन्री आणि मग जॉन यंग यांनी हा धंदा चालवला.

कंट्री डान्स हे नाव ऐकून नुसते खेडे डोळ्यांपुढे आणू नये. हे नाच खेड्यांत होते, तसेच वकिलांच्या वसतिगृहांत आणि दरबारातही. १६६२च्या अखेरच्या रात्री व्हाइटहॉल राजवाड्यात झालेल्या नाचाचे वर्णन पीप्सने केले आहे. फ्रेंच पद्धतीचे नाच झाल्यावर राजा दुसऱ्या चार्ल्सनेच कंट्री डान्सची फर्माईश केली. यातला सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे दोन समोरासमोर रांगा, एकीत पुरुष, दुसरीत स्त्रिया. पहिली जोडी शेजारच्या जोडीबरोबर काही फेर करते आणि एक जागा खाली सरकते. चाल पुन्हा सुरू होते. पुन्हा एक जागा. असे करत रांगेतली प्रत्येक जोडी प्रत्येकीबरोबर नाचते. उमराव आणि कारकून एकाच रांगेत असतील, तर दोघांना एकमेकांचे हात धरावेच लागतात.

या पुस्तकात 'ग्रीनस्लीव्ह्ज' पहिल्या दिवसापासून नाही. ते येते १६८६च्या सातव्या आवृत्तीत, आणि येते ते 'ग्रीन स्लीव्ह्ज अँड पुडिंग पाइज' या खुसखुशीत नावाने. नंतरच्या काही आवृत्त्यांत त्याचे 'ग्रीन स्लीव्ह्ज अँड येलो लेस' होते. बाह्या राहिल्या, बाई गेली. तिच्या जागी कधी पाय, कधी पिवळी किनार. नावाप्रमाणे स्वभावही पालटला. ल्यूटवर संथ वाजणारी चाल इथे नाचाच्या चलनात येते. सहा मात्रांचा, आपल्या दादऱ्यासारखा तीन-तीनचा झोका. पण लय चढी, पहिल्या मात्रेवर ठोसा. नाचणाऱ्यांना पाऊल उचलायला जागा हवी, म्हणून लांब स्वर तुटतात. फिडलच्या गजाला सोयीचे म्हणून मधल्या फटी छोट्या स्वरांनी भरतात. ही सुरावट शब्दांवर गायला गेलात, तर जीभ अडखळेल. तिला आता शब्द नकोच आहेत.

त्याच काळात संथ रूपही जगत होते. १७०६मध्ये जॉन वॉल्श या लंडनच्या प्रकाशकाने बासरीसाठी काढलेल्या 'द डिव्हिजन फ्लूट'मध्ये 'ग्रीनस्लीव्ह्ज टू अ ग्राउंड' आहे. खाली तोच इटालियन लहरा आणि वर एकामागून एक पलटे. घरात वाजवायचे रूप वेगळे, नाचाचे वेगळे, गुत्त्यातले वेगळे, आणि कुणीही दुसऱ्याला खोटे म्हणत नव्हते.

फाशीच्या कोठडीत

२९ जानेवारी १७२८ रोजी लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स नाटकगृहात जॉन गे याचे 'द बेगर्स ऑपेरा' रंगभूमीवर आले. इटालियन ऑपेराची आणि राज्यकर्त्यांची एकदमच खिल्ली उडवणारे हे नाटक. पात्रे चोर, वेश्या, तुरुंगाधिकारी. आणि गाणी एकोणसत्तर, बहुतेक लोकांना आधीच पाठ असलेल्या चालींवर. पेपुश या जर्मन संगीतकाराने त्यांना साथसंगत दिली. पहिल्याच हंगामात बासष्ट प्रयोग झाले.

तिसऱ्या अंकात दरोडेखोर मॅकहीथ फाशीची वाट पाहत कोठडीत बसलेला आहे. धीर यावा म्हणून पीत-पीत तो वेगवेगळ्या चालींचे तुकडे जोडत गातो, आणि या माळेतले शेवटचे, सदुसष्टावे गाणे आहे 'ग्रीनस्लीव्ह्ज'च्या चालीवर. मॅकहीथ विचारतो : कायदे जर सर्व थरांसाठी केले आहेत, तर फासावर आम्हाला थोडी बड्या लोकांची सोबत का मिळत नाही? सोन्याने कायद्याची नांगी काढता येते. नाहीतर श्रीमंतही आमच्यासारखे लटकले असते, आणि मग देश ओस पडला असता. प्रेक्षकाच्या कानात ही चाल भेटवस्तूंच्या यादीची आहे, सोने देऊन बाईला वश करू पाहणाऱ्याची आहे. बाई सोन्याने वश झाली नव्हती, कायदा होतो. एवढा टोला गे चालीच्या नुसत्या निवडीतून मारतो.

या नाटकाचा वंश मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८मध्ये, ब्रेश्ट आणि कुर्ट वाइल यांनी त्यावरून 'थ्री पेनी ऑपेरा' केला, आणि त्यावरून पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' लिहिला. जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली तो १९७८मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने आणला. वाइलने गेच्या नाटकातली एकच जुनी चाल ठेवली, ती पहिली; 'ग्रीनस्लीव्ह्ज' बर्लिनपर्यंत पोचले नाही. पण लोकांच्या तोंडी असलेल्या चालींचा नाटकात मुद्दाम वापर करायचा, ही गेची रीत मराठीत आली तेव्हा इथल्या मातीला ती नवी नव्हती.

मातीचे नळे, नाताळ आणि राष्ट्र

अठराव्या शतकानंतर शहरी फॅशनच्या नाचांतून ही चाल ओसरली; खेड्यांत मात्र राहिली. ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनमध्ये मॉरिस नाचणारे लोक चिरूट-तंबाखूसाठीचे मातीचे दोन लांब नळे जमिनीवर फुलीसारखे ठेवत आणि एकटा नाचणारा त्यांच्या चार घरांत पावले टाकत असे. नळा फुटता कामा नये. 'बाका पाइप्स' नावाच्या या नाचाची चाल म्हणजे 'ग्रीनस्लीव्ह्ज'चेच एक आखूड, ठसठशीत रूप. हेडिंग्टनचा विल्यम किंबर हा गवंडी कॉन्सर्टिना वाजवी. १८९९च्या नाताळात संगीतशिक्षक सेसिल शार्प याने त्याला प्रथम ऐकले आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडून चाली उतरवून घ्यायला सुरुवात केली. इंग्लंडमधल्या लोकनृत्यांच्या पुनरुज्जीवनाची गोष्ट या भेटीपासून सांगतात. शार्पने पुढे प्लेफर्डची जुनी पुस्तके उघडून कंट्री डान्स पुन्हा नाचायला लावले आणि १९११मध्ये लोकनृत्य संस्था स्थापन केली.

त्याआधीच चर्चने ही चाल परत घेतली होती. विल्यम चॅटर्टन डिक्स हा विमा कंपनीतला व्यवस्थापक. त्याने १८६५च्या सुमारास लिहिलेले बाळ येशूचे गीत ब्रॅम्ली आणि स्टेनर यांच्या १८७१च्या नाताळगीत-संग्रहात 'ग्रीनस्लीव्ह्ज'च्या चालीवर आले. आज जगभरातल्या असंख्य ख्रिस्ती घरांना ही चाल याच शब्दांनी ठाऊक आहे. मिसेस फोर्डने अशक्य म्हणून सांगितलेला मेळ असा बसला.

मग मोठे संगीतकार आले. गुस्टाव होल्स्ट, ज्याने संस्कृत शिकून ऋग्वेदातल्या ऋचा संगीतबद्ध केल्या आणि 'सावित्री' हा ऑपेरा लिहिला, त्याने १९११च्या बँडसाठीच्या रचनेत आणि नंतर मुलींच्या शाळेसाठी केलेल्या 'सेंट पॉल्स स्वीट'मध्ये एक करामत केली. प्लेफर्डच्या पहिल्या आवृत्तीतली 'डार्गासन' ही गरगर फिरणारी चाल सहाच्या लयीत चालू ठेवून तिच्यावर 'ग्रीनस्लीव्ह्ज' संथ तीनच्या लयीत सोडले. दोन चाली, दोन लयी, आणि तरी समेवर गाठ. व्हॉन विल्यम्सने फॉल्स्टाफवरच्या आपल्या ऑपेरात ही चाल घेतली; १९३४मध्ये त्यातून राल्फ ग्रीव्ह्जने बांधलेली 'फँटेशिया' इतकी गाजली, की हीच चाल म्हणजे इंग्लंडची हिरवळ, इंग्लंडचे हळवेपण, असे समीकरण झाले. त्या 'फँटेशिया'च्या मधल्या भागात नॉरफोकमध्ये १९०८ला टिपून घेतलेले एक वेगळेच लोकगीत आहे, हे पुष्कळांना ठाऊकही नसते. याउलट बुसोनीने चिनी राजकन्या तुरांदोतवरच्या आपल्या संगीतात अंतःपुराच्या प्रसंगाला 'ग्रीनस्लीव्ह्ज'च वापरले. एकाला जे अस्सल इंग्रजी वाटले, ते दुसऱ्याने बिनदिक्कत पूर्वेकडचे म्हणून वाजवले. १९६१मध्ये जॉन कोल्ट्रेनने ही चाल जॅझमध्ये घेतली आणि एका साध्या बैठकीवर तिचा लांबलचक विस्तार केला. सोळाव्या शतकातल्या ल्यूटवादकाला ही रीत परकी वाटली नसती.

मूळ कुठे?

शार्पने १९०७मध्ये लोकगीताचे तीन धर्म सांगितले होते : सातत्य, बदल आणि निवड. गाणे पुढे जाते. प्रत्येक तोंडी थोडे बदलते. आणि त्या बदलांपैकी कुठले राहायचे, ते समाज ठरवतो. 'ग्रीनस्लीव्ह्ज'चा इतिहास या सूत्रात बसतो, पण पूर्ण नाही. शार्पला हे सारे छापील कागदापासून दूर, खेड्यातल्या निरक्षर तोंडातून घडते असे वाटे. इथे तर पहिल्या दिवसापासून छापखाना आहे, नफा आहे, जोन्स आणि व्हाइट यांची चुरस आहे, आणि इटलीहून आलेला लहरा आहे. तोंड आणि छपाई, खेडे आणि बाजार, देशी आणि परदेशी, यांनी मिळून ती चाल वाढवली. इंग्लंडचे प्रतीक म्हणून मिरवणाऱ्या चालीचे पाय परक्या खर्जावर उभे आहेत, यात कमीपणा काही नाही. बहुतेक देशी गोष्टी अशाच देशी झालेल्या असतात.

राजाची दंतकथा या सगळ्याच्या आड येते. ती म्हणते, की सुंदर गोष्टीला एक मोठा कर्ता हवा आणि एक मोठे दुःख हवे. कागदपत्रे म्हणतात, की तिला एक सोयीचा लहरा पुरला, काही खटपटे मुद्रक, फिडल घासणारे, नळे फुटू न देता नाचणारे, आणि प्रत्येक वेळी धैवत आपल्याला हवा तसा लावणारे गळे. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या, भारुडे, लावण्या यांच्या मागेही अशीच बिननावाची गर्दी उभी आहे, आणि तिथेही एखादे बडे नाव चिकटवण्याचा मोह आपल्याला होतोच. तो आवरला, तर नाव नसलेल्यांच्या कामाचा माग काढता येतो.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आज आइस्क्रीमच्या गाड्या घंटेच्या कर्कश सुरात हीच चाल वाजवत गल्लोगल्ली हिंडतात. त्यांत कडव्याचा तुकडाच तेवढा असतो, लय ठोकळेबाज, धैवत यंत्राला जमेल तसा. तिथल्या पोराला त्या चालीचा अर्थ एकच : पैसे घेऊन धावत सुटायचे. चारशे चाळीस वर्षांपूर्वी लंडनच्या रस्त्यावर गाणे विकणाऱ्याने ती ज्या कामासाठी गळ्यात घेतली होती, तेच काम ती आजही करते आहे.